साठावा दिवस

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं, सत्तावीस वर्षं,
साओ पाउलोच्या आतल्या अंगाला, जिथं जुलैत ऊस पेटवतात
आणि काळी राख प्रयोगशाळेच्या जाळीवर येऊन बसते.

मी दात कापते.
आधी महिनोन् महिने आम्लात ठेवायचा,
फुलदाणीतलं पाणी बदलावं तसं आम्ल बदलत राहायचं,
मग एके सकाळी टाचणी आत शिरते,
कच्च्या पेरूत शिरावी तशी.
मग मेण. मग पातं.
सहा मायक्रॉनच्या चकत्या कोमट पाण्यावर तरंगतात.
जोरात श्वास सोडलात तर गेल्या.

दात पोरासोरांचे.
तारा बसवायच्या म्हणून उपदाढा काढायच्याच असतात,
तर काढण्याआधी त्यांत भोक पाडायचं, गर उघडा करायचा,
कुणाच्या दातात चुना, कुणाच्या दातात नवा गोंद,
निळ्या दिव्याखाली वीस सेकंदांत दगड होणारा.
आईची सही. साठ दिवस.
मग उपटायचा.
डॉक्टर आदाल्बेर्तोंचा प्रश्न एकच: आत काय झालं?

आत जे होतं ते मी बघते.
गराला सुजायला जागा नसते.
चहूबाजूंनी भिंती, तळाशी नेढ्याएवढी वाट,
रक्त तिथूनच येणार, तिथूनच जाणार.
चुना वरचा पदर जाळतो.
खोटं कशाला बोलू, जाळतोच.
पण त्या जळक्या पदराखाली
कालपर्यंत ज्यांना बांधकाम ठाऊक नव्हतं
अशा काही पेशी ओळीनं उभ्या राहतात
आणि बांधायला घेतात,
वेडंवाकडं, घाईचं, मधे भोकं राहिलेलं.
पण भिंत.

गोंद वरून देखणा, दाताच्या रंगाचा.
आत त्याचे थेंब गरात घरंगळलेले सापडतात
आणि भोवती थोराड पेशी,
गिळवत नाही, टाकवत नाही,
साठाव्या दिवशीही तशाच बसून.
डॉक्टर म्हणतात, औषध एकवेळ परवडतं, फट नाही.
फटीतून जंतू येतात.
हे ते दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी नवा गोंद आणतात.

गेल्या मंगळवारी एक मुलगी आली.
दालीला. पंधरा वर्षांची, तोंडभर तारा, हातात सायकलचं कुलूप.
माझा दात परत हवाय, म्हणाली.
लहानपणी पडलेले सगळे छपरावर फेकले,
हा तेवढा राहिला.

वही काढली. वरचा डावा, चौथा. चुना.
एकशे बारा चकत्या आहेत तुझ्या दाताच्या, म्हटलं,
कुठली फेकतेस?
ती हसली नाही.

मग तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.
पापण्या काचेला लागत होत्या.
जांभळं काय आहे?
पेशी.
आणि हा गुलाबी पट्टा?
भिंत. तुझ्या दातानं बांधलेली, नवी.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
बाहेर ट्रकमधून संत्री ओतल्याचा आवाज.

पण तो तर काढायचाच होता ना?
हो.
मग त्याला कुणी सांगितलं नाही?

मी फोकसचं चाक फिरवलं.
चित्र आधीच स्पष्ट होतं.
खालच्या माझ्या दाढेत चांदी आहे, लग्नाच्या वर्षी भरलेली.
जीभ आपोआप तिथं गेली.
तीस वर्षं आत कुणी काय बांधलं असेल
ते मला कधी दिसणार नाही,
आणि दिसू नये हेच बरं.

तिला एक काच दिली. कागदात गुंडाळून, नियमाबाहेर.
वहीत लिहिलं: फुटली.

दारातून परत वळली.
आमचं आताचं छप्पर पत्र्याचं आहे, म्हणाली,
घसरून खाली येईल.

मग नको फेकू, म्हटलं.
खिशात ठेव.
बसताना जपून.