दोन वाजून दहा मिनिटं

कॅम्पातल्या त्या दवाखान्यात मी महिन्यातून दोनदा जाते.
कान तपासायचा दवाखाना. दारावर पितळी घंटा,
जी निम्म्या पेशंटांना ऐकूच येत नाही.
बावीस वर्षांचे आलेख आहेत तिथे,
डावीकडून उजवीकडे उतरत गेलेले:
भोसरीच्या प्रेसशॉपमधले, खडकीच्या दारूगोळ्यातले,
हल्ली ढोल-पथकातली पोरंसुद्धा.
सगळं रोज एका काळ्या डब्यात जावं, कुलूपबंद होऊन,
चोराने उघडलं तर हाती नुसता भुसा.

हाताने चालवलं की चालायचं.
चहा येईपर्यंत पूर्ण.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मात्र,
मी धायरीत गाढ झोपलेली असताना,
एकच ओळ: पासवर्ड मिळाला नाही.
सात रात्री तीच.

मी टर्मिनल उघडते तेव्हा
माझ्या मागोमाग बरंच काही आत येतं.
माझं नाव, माझं घर, माझ्या वाटा,
कधीतरी एक्स्पोर्ट करून ठेवलेली किल्ली.
रात्रीचा क्रॉन अनवाणी उठतो.
त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.
मला वाटायचं, हवेतच आहे ते, सगळ्यांना ठाऊकच असणार.
(घरीही माझं हेच. गॅस कुणाच्या नावावर आहे
हे निरंजनला अजून माहीत नाही.)

मग एक फाईल केली, चार ओळींची.
डबा कुठे, किल्ली कोणती,
काय न्यायचं, कुणाच्या नावाने.
मधे बरोबरचं चिन्ह, आजूबाजूला जागा सोडायची नाही.
मी सोडली होती. तास गेला.
परवानगी सहाशे: मालकाने वाचावी, इतरांनी नाही.
स्क्रिप्टला बजावलं, आधी ही वाच, मग कामाला लाग.

गुरुवारी नेहमीसारखी वीज गेली, आली.
शुक्रवारी सकाळी लॉगमध्ये शून्य.
यंत्राने शून्य म्हटलं की सुखरूप समजायचं.

"आणि तू पीएमटीखाली आली तर?"
डॉ. खोर्शेद भरूचांनी विचारलं, पेनाचं टोपण लावत.
प्रश्न रास्त होता. मॅन्युअलच्या तळाशीही तेच होतं, बारीक अक्षरांत:
किल्ली हरवल्यास आम्हीही काही करू शकत नाही.

कागदावर नको, म्हणाल्या. टेबलावरचे कागद रेश्मा आवरते.
म्हणून तपासणीच्या खोलीत गेलो आम्ही.
जाड दार, भिंतींना फोम,
आत आपलंच रक्त वाजताना ऐकू येतं.
मी सहा शब्द म्हणायचे, त्यांनी मागून म्हणायचे,
पेशंटांकडून त्या म्हणवून घेतात तसेच.
पहिला बरोबर. दुसराही.
तिसरा भलताच आला. जवळपासचा,
फक्त त्यातला स कुठेतरी गळून पडलेला.
मी पुन्हा म्हटलं, आवाज चढवून.
पुन्हा तोच, बिनसकारी.
त्यांनी उजव्या कानामागची बट सारखी केली
आणि म्हणाल्या, "डाव्या बाजूला ये."

कधीपासून, हे मी विचारलं नाही.
सहाही जमल्यावर दार उघडलं
आणि ईस्ट स्ट्रीटचे हॉर्न एकदम अंगावर आले.

जेवणानंतर परत आणून पाहायचं होतं.
ठेवलेलं परत येत नसेल तर ठेवलं कशाला?
कुठलाही एक आलेख चालला असता.
"माझाच काढ. दोन हजार बारा."
आठ सेकंदं लागली.
मग पडद्यावर उजव्या कानाचे लाल गोल,
वर, शून्याच्या रेघेला लागून,
शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे, एकही खाली न उतरलेला.
त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.
"हं," म्हणाल्या, "उघडतंय."

निघताना मी विचारलं,
तो तिसरा शब्द बदलून देऊ का, सोपा काहीतरी?
त्या आतल्या खोलीचा दिवा मालवत होत्या,
मला वाटलं ऐकू गेलं नाही.
"नको," म्हणाल्या. "तोच लक्षात राहील."