इतर

गुरुवारी सकाळी पडदा उजळतो
आणि माझा वर्ग ठिपके होऊन समोर बसतो.
अकरा मुलं: नऊ हिरवी, एक पिवळं,
एक लाल.

लाल म्हणजे इस्सात.
‘शाळागळतीची शक्यता एकाहत्तर टक्के.’
सत्तर नाही, बहात्तर नाही.
कुणीतरी हातचा एक अगदी जपून धरलाय.

तीन आठवडे तो वर्गात नाही.
तीन आठवडे तो बापाच्या स्नोस्कूटरमागे
कळपाबरोबर किनाऱ्याकडे निघालाय,
गाभण रेनडिअरांच्या चालीनं.
रात्री चालायचं, रात्री बर्फ कडक असतो.
दिवसा झोपायचं.
वजन, वेग, बर्फाची जाडी, उरलेलं पेट्रोल –
माझ्या पुस्तकातला अख्खा सहावा धडा
तो पायाखाली घालत चाललाय.

हजेरी भरायला गेलं की यादी उघडते:
आजारी. सहल. घरगुती. इतर.
मी ‘इतर’ दाबते.
दर एप्रिलला दाबते.
हा लाल रंग
माझ्याच बोटांनी साठवलाय, थेंब थेंब.

यंत्राला शिव्या घालून मोकळी झाले असते.
पण सुन्ना आहे.

सुन्ना, शेवटचा बाक, खिडकीकडची.
दोन वर्षं मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं:
लक्ष नाही. लक्ष नाही. हुशार आहे, पण लक्ष नाही.
आणि फेब्रुवारीत एका ठिपक्यानं माझे कान टोचले:
ही मुलगी प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाशी थांबते,
चार सेकंद, पाच, कधी नऊ,
धडा कुठलाही असो, भाषा सामी असो की नॉर्वेजियन.
आल्टाच्या डॉक्टरनं तिचा उजवा डोळा तपासला
आणि मला विचारलं, इतके दिवस
कुणाच्याच लक्षात आलं नाही?

लक्ष.
तेवीस वर्षं शिकवतेय मी.

मग इस्सातच्या बापाला फोन लावला.
वारा होता, कुत्री होती, मध्येच आवाज तुटायचा.
आकडा सांगितला. तो गप्प झाला.
मग म्हणाला, योरुन,
आमच्याकडे कुणाला विचारत नाहीत
तुझी जनावरं किती म्हणून.
विचारणारा उठून गेल्यावर त्याचा कप
पुन्हा भरत नाहीत.
आणि हे तुझं यंत्र न विचारताच मोजतं?

मी म्हटलं, खुणा तर तुम्हीही करता, पाडसांच्या कानावर.

करतो की, तो म्हणाला.
आधी पाडस मांडीत घेतो. ते थरथरतं, ते आपल्याला कळतं.
मग सुरी.
आणि ती खूण एवढंच सांगते, पाडस कुणाचं.
पुढच्या हिवाळ्यात जगेल की मरेल
हे कानावर कोरत नाही कुणी.

फोन तुटला की त्यानं ठेवला, कळलं नाही.

ऑस्लोला पत्र लिहिलं. यादीत एक कारण वाढवा:
कळपाबरोबर.
उत्तर सभ्य होतं. सूचना नोंदवली आहे.
जुन्या नोंदी बदलता येत नाहीत.
फाइल विद्यार्थ्यासोबत पुढच्या शाळेत जाईल.
सोबत कसली?
हा तिथल्या दारात बूट झटकत असेल
तेव्हा ती आत खुर्चीवर बसलेली असेल,
कोट काढून.

मेच्या शेवटी तो आला.
गालाची साल निघालेली, अंगाला धुराचा वास,
एक बोट फडक्यात बांधलेलं.
न विचारताच फळ्याजवळ गेला,
माझ्या समीकरणातली चूक खोडली
आणि जागेवर जाऊन बसला.
त्या गडबडीत
माझा पडदा उघडाच राहिला, वर्गाकडे तोंड करून.

शेवटच्या बाकावर
नव्या चष्म्यातून सुन्नानं मान वर केली.
तिला आता सगळं दिसतं, उजव्या टोकापर्यंत.
तिनं सावकाश, न अडखळता वाचलं,
सगळ्यांना ऐकू जाईल असं:

‘बाई, इस्सात लाल का आहे?’