गार पाणी

सुहास, तुझा निरोप मशीन फिरताना ऐकला.
अर्धा कळला. तुझ्या कॉर्कात मागं पाऊस लागलेला,
आणि इथं सीपीआरच्या धुलाईघरात
जुना ड्रम दात वाजवल्यासारखा खडखडत होता.

म्हणतोस, तिकडं एक जुनी देवी आहे, मॉरिगन.
लढाईच्या आदल्या दिवशी नदीच्या उतारावर बसते
आणि उद्या मरणाऱ्यांचे कपडे आजच धुते.
मावशे, असल्या देवीचं आता काय काम?

काय काम.
अरे, एकवीस वर्षं मी दुसरं काय करते?
फक्त मला आदल्या दिवशी कळत नाही.
कधी कधी कळतं.
चादर नुसती चुरगळलेली येते, डाग नसतो,
तरी हात थांबतो.

पोस्टातला पुतळा पाठवलास तो बघितला.
गडी मेल्यावरही पडू नये म्हणून खांबाला बांधलेला,
शत्रू लांबच उभे. खांद्यावर काळं पाखरू बसलं
तेव्हा म्हणे सगळ्यांना खात्री पटली.
यात नवल काय?
पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला
माणसं घड्याळ बघत ताटकळतात;
कावळा शिवेपर्यंत
कुणीच पुरता मेलेला नसतो.

पण कावळा बायकांनाही शिवतो,
हे तुझ्या पुस्तकात आहे का?
आमच्या शिवलीलाला शिवला, नेमका
जिल्ह्याच्या निवडीच्या सकाळी.
वस्ताद भिंतीकडं बघत म्हणाले, "आज राहू दे."
ती मॅटवर गेली.
इचलकरंजीच्या पोरीनं दुसऱ्याच मिनिटाला
ढाक लावून आस्मान दाखवलं.
जिंकली असती तर सांगायला बरं झालं असतं.

संध्याकाळी गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
एक बाई म्हशीखाली बसलेली.
नाकात चमकी, डाव्या हाताला बोट कमी.
लीलीचा सुजलेला डोळा बघून तिनं
न विचारता पेला भरला. पुन्हा भरला.
तिसऱ्यांदा भरला, फेस ओघळेपर्यंत.
मी पैसे काढले.
"पोरगी लढली का?"
"पडली."
"ते न्हाई इचारलं."

तूच म्हणालास ना, ती देवी
वाम होऊन ज्याच्या पायात गुंतली,
त्यालाच पुढं दूध पाजते?
मी पेल्याकडं बघितलं, मग त्या बोटांकडं.
बोलले नाही काही.
म्हैस बिथरली असती.

घरी येऊन लीलीनं कपडे बादलीत टाकले.
"गरम पाणी घालू?"
गार, म्हटलं. रक्ताला गरम लागलं की ते बसतं,
मग जन्मात निघत नाही.

हे तुझ्या देवीला ठाऊक असणारच,
नदीचं पाणी गारच की.
तरी दिसली उतारावर, तर विचारून ठेव
साबण कुठला वापरते.
आमच्याकडं यंदा अजून
निविदाच निघालेली नाही.