अपुरा पत्ता

आर.एम.एस.मध्ये एकतीस वर्षं पत्रं लावली.
रात्रीच्या गाडीत, हलत्या डब्यात उभं राहून,
एका हातात गठ्ठा, समोर खणच खण,
उमरेड, काटोल, रामटेक, तुमसर.
पत्ता अर्धवट असला की पाठीवर लिहायचो
'वर्धा पाहा', 'तिथं नसल्यास हिंगणघाट'.
पत्र बिचारं फिरायचं शिक्के खात.

सत्तरीनंतर माझ्याही पाठीवर
लोक तेच लिहू लागले.
मेयोनं लिहिलं, किडनीवाल्याला दाखवा.
किडनीवाल्यानं, आधी हृदय.
हृदयाचा डॉक्टर सक्करदऱ्यात, फक्त गुरुवारी,
आणि डोळ्यांचा म्हणाला, तुमची साखर कोण बघतं?
म्हटलं, सगळेच बघतात जी,
एकमेकांकडे कोणी बघत नाही.

चार फायली. चार पिशव्या.
पांढरी गोळी मेयोची, पिवळी सक्करदऱ्याची,
दोन्ही इमानदारीनं खाल्ल्या दोन महिने
आणि एका पहाटे नळाजवळ आडवा झालो.
पार्वताबाई असती तर ओरडली असती.
ती नाही, म्हणून नुसती बादली वाजली.

मग प्रणोती मेश्राम आली.
दवाखान्यानंच पाठवलेली, गळ्यात कार्ड, पाठीवर सॅक,
उन्हानं लाल झालेले कान.
"काकाजी, तुमची केस आता मी बघणार."
डोक्यावर एक केस उरला नाही
आणि या वयात मी स्वतःच केस झालो, म्हटलं.
ती हसली नाही. पेपर मागितला,
फरशीवर पसरला,
चारही पिशव्या त्यावर उलट्या केल्या.

मी खुर्चीतून तिचे हात बघत होतो.
पट्टी उलटायची, बारीक अक्षर वाचायचं, ठेवायची.
उलटायची, वाचायचं, ठेवायची.
घाई नाही, आणि थांबणंही नाही.
हा हात माझ्या ओळखीचा होता.
पांढरी आणि पिवळी तिनं शेजारी शेजारी ठेवली.
"काकाजी, गोळी एकच आहे. नावं दोन."
तिथं बसूनच चौघांना फोन लावले.
तिघांनी उचलला.

तेव्हापासून दर मंगळवारी आठला तिचा फोन.
वजन किती, पायावर सूज आहे का,
कूलरमध्ये पाणी कोण भरतं, जिना किती पायऱ्यांचा.
बावन्न वर्षं चढतोय, मोजल्या त्या दिवशी.
सतरा.

कधी कधी रागही येतो.
आम्ही हलबा कोष्टी, जवसाच्या तेलावर वाढलेले,
आणि ही म्हणते, तर्री दोन घास, चवीपुरती.
दोन घासांत काय चव येते, बाप्पा?
मारबतीच्या दिवशी पुतण्याकडे हात धुऊन बसलो,
फोनवर खोटं बोललो.
दुसऱ्या दिवशी काट्यानं चुगली केली.

मागच्या मंगळवारी फोन आला नाही.
आकडे लिहून ठेवले होते जुन्या अंतर्देशीयाच्या पाठीवर.
आठ. नऊ. कूलर घरघरत राहिला.
साडेअकराला आला. मागे माईक ओरडत होता,
टोकन एकशे बारा, खिडकी सात.
"मेडिकलमध्ये आहे जी, बाबांना घेऊन.
हे म्हणतात सुपरला न्या, सुपरवाले म्हणतात पत्र आणा.
तुमचं वजन सांगा."

सांगितलं. एकसष्ट, सूज नाही.
मग विचारलं, बाबांच्या गोळ्या किती आहेत?
बराच वेळ नुसता माईकच.
"मोजल्या नाही, काकाजी."

म्हटलं, रविवारी पिशवी घेऊन ये.
चष्मा नवीन आहे माझा.
पेपर आहे घरात,
जुना असला तरी चालतो.