टिपणीस

"आडनावच टिपणीस, मग तुमच्याशिवाय
कोण पटवून देणार?" एचआरची ऋजुता हसून म्हणाली
आणि सोमवारच्या मीटिंगमधली पहिली दहा मिनिटं
माझ्या नावावर टाकली.

आमच्यात कुणीतरी कधीकाळी बोरूनं मोडी लिहायचं.
मी लिहिते वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळा,
पंपांच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
एकोणीस वर्षं, लाल समासाच्या वहीत.
हजर कोण, रजेवर कोण, काय ठरलं, कुणी करायचं.
शेवटी चहा.
चहा लिहीत नाही.

तर मंडळी, हे असं आहे.
फोन टेबलावर ठेवायचा, बटण दाबायचं,
दाबलंय हे सगळ्यांना सांगायचं. मग बोलायचं.
ते ऐकतं, लिहितं,
आपण जिना उतरेपर्यंत कागद तयार.
चुकतं. परवा 'ग्लँड पॅकिंग'चं त्यानं
'गल्लीत पार्किंग' केलं,
मोकाशींच्या खोकल्याला वक्ता क्रमांक चार ठरवलं.
हसा. मीही हसले, मग दुरुस्त केलं.

टेस्टिंगचे भोईर हसले नाहीत.
"बाय, आमची आगरी याला कलंल का?"
आणि जरा थांबून, खालच्या आवाजात,
"आन् उद्या मी असा बोललोच नव्हतो
म्हनाची सोय रेल का?"

नाही राहणार, भोईर.
त्यासाठीच तर उभी आहे.

गेल्या वर्षीची मार्चातली मीटिंग. पान एकशे बारा.
तुम्ही म्हणालात, तीन नंबरच्या लाइनचं गॅस्केट बदला,
झिरपतंय, मी हात लावून बघितलंय.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
माझं पेन थांबलं.
लिहू नका असं कुणी म्हणालं नाही,
म्हणावं लागत नाही. एकोणीस वर्षांत कळतं
कुठल्या वाक्याला पान उलटायचं.
मे महिन्यात फ्लँज उडाली. सुर्व्यांचं मनगट भाजलं.
चौकशीला वही मागवली,
वहीत तुम्ही गप्प होतात.
मेमो तुम्हाला निघाला.
तोही मीच टाइप केला.

पंख्याचा आवाज. फोनवरचा लाल ठिपका.
हो, हे गेलंय त्यात.
ऋजुता, बंद करू नकोस.

पुढे मला वेळेची बचत सांगायची होती,
आठवड्याचे साडेतीन तास, कार्डावर लिहून आणलंय.
खोटं नाही ते, सावकाश वाचा.
मला एवढंच दिसलं
की त्याला साहेबांचं घड्याळ दिसत नाही.
कॅबिनमधला आवाज आणि शॉप फ्लोअरचा आवाज
त्याच्या लेखी एकाच उंचीचे.
त्याला सगळं ऐकू येतं हीच त्याची खोडही.
गेल्या गुरुवारी बोलता बोलता कुरेशी
घरच्या दुखण्यावर आले, डोळे भरले,
तेही त्यानं मुद्देसूद उतरवलं, वर मथळा दिला.
मी ते पुसलं, कुरेशींना विचारून.
पुसायची विद्या माझ्याकडे जुनी आहे,
आता विचारून वापरते.

दहा मिनिटं संपली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत,
आमच्याकडे टाळ्या दसऱ्याला, मशीनच्या पूजेनंतर.
साहेब म्हणाले, पुढचा विषय.
आवाज त्यांचा, पण घड्याळ बघितलं नाही.

चहाच्या वेळी कागद आला.
एकोणीस वर्षं माझं नाव तळाशी असायचं,
'लेखन' या शब्दापुढे.
आज पानाच्या मध्यावर, सगळ्यांच्या रांगेत:
वृंदा टिपणीस : तेव्हा माझं पेन थांबलं.
मी ते दोनदा वाचलं. बदलण्यासारखं काही नव्हतं.

भोईर मागे येऊन उभे होते, चष्मा कपाळावर.
"बघू, माझा काय लिवलाय."
आमची आघाडी याला कळेल का, असं लिहिलं होतं.
"बघा! बोललो नव्हतो?"
मी खुर्ची सोडली, कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.
एका बोटानं, एकेक अक्षर शोधत,
चहा गार होईपर्यंत
ते आघाडी खोडून आगरी लिहीत होते.
'कळेल'चा ळ त्यांनी बराच वेळ पाहिला,
मग तोही काढला.