प्रार्थी

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
टेबलावर हिंदी टाइपरायटर. त्यात ळ नव्हता.
इंदुरात त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.
आमच्या घरीसुद्धा मुलं ‘काला’, ‘पिवला’ म्हणू लागलेली
आणि मी सुधारणं सोडलं होतं.

फादर इनास रुमाव पहिल्यांदा आले ते नन्नूबाईला घेऊन.
मिल बंद पडून सहा वर्षं झालेली,
नवऱ्याचा पैसा अडकलेला, नवरा सुटलेला.
पांढरा झगाबिगा नाही, खादीचा बुशशर्ट,
चपलेच्या अंगठ्याला सुतळी.
पाटीवरचं आडनाव वाचून म्हणाले,
‘तारे, मराठी ना तुम्ही? मग दर कमी करा.’
मी म्हटलं, ‘मराठी आहे म्हणूनच नाही करणार.’
हसले. पानाचे चार रुपये. मोजून चारच दिले.

मग दर मंगळवारी.
कचरा वेचणाऱ्या बाया, हमाल, कापसानं छाती भरलेले कामगार,
आणि बोटं झडलेला एक म्हातारा,
ज्याचा अंगठा कुठून आणायचा
म्हणून बाबूनं अर्ज दोनदा परत पाठवला.
तिसऱ्यांदा फादरांनी त्याला पाठुंगळी घेतलं,
दुसऱ्या मजल्यावर नेलं,
साहेबाच्या टेबलाच्या काचेवर बसवलं
आणि म्हणाले, ‘उमटवून घ्या.’

अर्जाच्या शेवटी मी टाइप करायचो: प्रार्थी.
एकदा त्या शब्दावर बोट ठेवलं त्यांनी.
‘आपल्याकडे काय लिहितात?’
‘अर्जदार.’
‘बघा. चाळीस वर्षं प्रार्थना करतोय,
पण खाली प्रार्थीचं नाव, बापाचं नाव, वॉर्ड नंबर
असं कधी घातलं नाही.
म्हणून पडून राहात असेल वर.’

संत वगैरे मी म्हणणार नाही.
चहा फिका झाला की कुरकुरायचे.
माझी छत्री नेली ती नेलीच.
गेंदाबाईचं वय चोपन्न, पेन्शन साठीला.
‘साठ लिहा,’ म्हणाले.
मी हात थांबवला. ‘तुम्ही सांगताय, फादर?’
बराच वेळ नीमाकडे बघत बसले.
पोहे कागदात गार झाले, वरचं जिरावण ओलं झालं.
‘साठच लिहा. तिची कंबर सत्तरची आहे.
राहिलेलं मी निस्तरीन.’
पुढच्या मंगळवारी आले नाहीत.
त्याच्या पुढच्या आले. मी काही विचारलं नाही.

नाताळात गावाहून सुकेळी यायची त्यांना,
पानात बांधलेली, गुळाच्या रंगाची.
मला दोन. ‘वसईची. आमच्या निर्मळची.’
तो ळ असा म्हणायचे
की जीभ टाळूला टेकायची, क्षणभर राहायची, मग सुटायची.
आमच्या धाकट्यानं म्हणून बघितला.
चौथ्या खेपेला जमला.

गेले ते एमवायच्या जनरल वॉर्डात.
मिशनच्या दवाखान्यात हलवू म्हणाले तर नको म्हणाले,
शेजारच्या खाटेवरच्याचा अर्ज अर्धा राहिला होता.

सिस्टर फॉर्म घेऊन माझ्याकडेच आल्या.
नाव. बापाचं नाव: बस्त्याव. जन्मस्थान.
निर्म, एवढं टाइप केलं आणि थांबलो.
गाडी एक घर पुढं सरकवली,
कागद बाहेर काढला,
मोकळ्या घरात निळ्या शाईनं ळ घातला,
शाळेत घालायचो तसा, दोन्ही गाठी गोल.

खिडकीतला बाबू म्हणाला, ‘ये हाथ का नहीं चलेगा.’
मी म्हटलं, ‘चला लो.’
त्यानं वर बघितलं, खाली बघितलं.
‘और प्रार्थी कौन है? ये तो खाली है.’

सिस्टरांच्या हातात पिशवी होती, पिशवीत माझी छत्री.
मी पेन पुन्हा उघडलं
आणि माझं नाव लिहिलं,
बापाचं नाव,
वॉर्ड नंबर.