मागचे पाय

कुत्र्याला पोहायला शिकवावं लागत नाही,
असं खांबांवरच्या घरांच्या आमच्या ह्या गल्लीत सगळेच सांगतात.
पाण्यात पडलं की येतंच.
माझा लुचे जिन्यावरून घसरला तेव्हा भरती होती,
आणि त्याला आलं नाही.
पुढचे पंजे पाणी बडवत राहिले, नुसता फेस,
मागचा सगळा देह बटाट्याच्या पोत्यासारखा
सरळ खाली.
वल्ह्याचं टोक गळपट्ट्यात अडकवून काढला त्याला.
ओकला, शिंकला, आणि मग आठवडाभर
प्यायच्या पाण्याकडेसुद्धा तिरका बघत होता.

आखूड पाय, पिंपासारखी छाती.
कुठल्या दोन कुत्र्यांची चूक एकत्र आली कोण जाणे.
नाव ठेवलं खडकावरच्या शेवाळाचं.
ते निदान ओहोटीला पुन्हा दिसतं तरी.

फेब्रुवारीत, म्हणजे चिलोएच्या उन्हाळ्यात,
खाडी पार लांबपर्यंत उघडी पडते,
चिखल दुपारभर तापतो,
आणि परतणारं पाणी त्याच्यावरून सरपटत येतं
ते कोमट होऊन.
तासभरच. मग पुन्हा नेहमीचा समुद्र, हाडं मोजणारा.
मी तो तास निवडला.

जाळ्याचे चार जुने बुचाचे गोळे
नवऱ्याच्या लोकरी बंडीत शिवून
लुचेला अंगरखा केला.
बंडीला अजून धुराचा वास होता.
तो वास हुंगूनच बहुधा उभा राहिला गुपचूप.

समोरच्या पायरीवर म्हातारा रोसामेल,
होड्या बांधणारा, भुवयांत लाकडाचा भुसा.
"एदेल्मिरा," म्हणाला, "पोहता येणाऱ्याला
बुडायला जास्त वेळ लागतो, इतकंच."
माझा बाप हेच म्हणायचा. माझा नवराही.
दोघांतला एक अंथरुणात गेला.

डावा हात छातीखाली. उजवा पोटाच्या मागे,
जिथं केस विरळ आणि कातडी पातळ.
तळहातात त्याचं काळीज,
पिशवीत कोंडलेल्या खेकड्यासारखं.
चार पावलं, मग वाळवलेला शिंपला.
सहा पावलं, मग शिंपला.
तिसऱ्या दिवशी त्याने माझा कान फाडला.
पाचव्या दिवशी पाऊस, सुट्टी,
दोघंही चुलीपाशी, एकमेकांवर नाराज.

नवव्या दिवशी मी उजवा हात काढून घेतला.
त्याला सांगितलं नाही.
मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.
मागचे पाय बुडाले, थबकले,
आणि काहीतरी आठवल्यासारखे
चालू लागले.
शेपूट वर आली, सुकाणू झाली.
काळ्या मानेचे हंस कुरकुरत बाजूला झाले
आणि लुचे बंदराच्या खांबापलीकडे गेला,
फक्त डोकं, गंभीर,
कर भरायला निघालेल्या माणसासारखं.

मी हाका मारत होते. स्कर्ट पाण्यावर फुगलेला.
पुढे जाता येईना.
माझं शिक्षण कमरेपर्यंतचंच.

संध्याकाळी रोसामेल आला,
दोन बटाटे खाल्ले, हवामानाला शिव्या दिल्या.
निघताना कडी धरून थांबला:
"मागचे पाय वर कसे आणलेस?"
मी तळहात पुढे केला.
म्हटलं, ढकलायचं नाही.
खाली जमीन आहे असं त्याला वाटू द्यायचं,
आणि ती हळूहळू कमी करायची.
तो माझ्या हाताकडे बघत राहिला,
फळीत गाठ आहे का ते बघतात तसा.

आज पाणी पुन्हा कोमट.
समोरच्या पायरीवर रोसामेल नाही.
त्याचे बूट आहेत, एकात मोजा खुपसलेला.
लुचे केव्हाच आत गेलाय.
मी छातीपर्यंत आलेय, बुचाचे गोळे बगलेत धरून.
एक पाय उचललाय.
दुसरा अजून चिखलातच आहे,
आणि चिखल, खरं सांगायचं तर,
फारच ऊबदार आहे.